पिशवीतली घंटी

मी भाषेचा शिक्षक. मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएडही याच दोन विषयांत केलं. त्यामुळे ट्रान्झिस्टर आणि बझरबद्दल मी लिहावं, हे आमच्या विज्ञानाच्या सरांना जरा विचित्रच वाटेल. पण त्या घंटीच्या कामात माझाही थोडा हात आहे. सोल्डरिंगचा नाही, लिहिण्याचा. तो कसा ते पुढे येईलच, आधी घंटीबद्दल सांगतो.

नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील लूमवर काम करतात. रात्रपाळी, दिवसपाळी, शुक्रवारी सुट्टी. आई आजारी. दर दीड-दोन महिन्यांनी तिला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. मालेगावला रेल्वे नाही, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. एवढं मोठं गाव आणि रेल्वे नाही? नाही. आधी मनमाडला जायचं, तिथून रात्रीची गाडी पकडायची आणि जनरल डब्यात जागा मिळेल तिथे टेकायचं. अशाच एका रात्री कसाऱ्याच्या पुढे कधीतरी डोळा लागला आणि उशाची पिशवी गेली. पैसे फार नव्हते. पण तिच्यात फाईल होती. दोन वर्षांचे रिपोर्ट, एक्स-रे, केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या. चोराला त्या फाईलचा काय उपयोग? त्याने ती कुठल्या तरी रुळाशेजारी फेकून दिली असणार. यांना मात्र नव्याने तपासण्या कराव्या लागल्या आणि एक फेरी फुकट गेली. पॉवरलूमच्या मजुराची मुंबईची एक फेरी फुकट जाणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला जास्त सांगायला नको.

त्यानंतर या पोराने अलार्म बनवायचं मनावर घेतलं.

साखळी-कुलूप का नाही, असं मी त्याला विचारलं. स्टेशनवर मिळतात, सीटखाली अडकवायला कड्याही असतात. तो म्हणाला, "सर, साखळी सूटकेसला. आमची पिशवी रेक्झिनची आहे. ब्लेड मारलं की साखळी तिथेच, सामान गायब." बरोबर होतं त्याचं. आणि खाली फरशीवर बसणाऱ्याला कडी कुठून मिळणार?

त्याची पहिली घंटी अगदी साधी होती. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक बझर, बीसी ५४७ नावाचा दोन-तीन रुपयांचा ट्रान्झिस्टर, १०० किलोओमचा एक रेझिस्टर आणि एक बारीक तार. ट्रान्झिस्टरला तीन पाय. मधला पाय म्हणजे बेस, हा दरवाजावरचा पहारेकरी. त्याला थोडासा प्रवाह मिळाला की तो दार उघडतो आणि बझरमधून मोठा प्रवाह वाहू लागतो. रेझिस्टर बॅटरीच्या प्लसकडून बेसला हा थोडासा प्रवाह देत असतो. पण बेसपासून मायनसपर्यंत ती बारीक तार जोडलेली असते. तार शाबूत आहे तोवर सगळा प्रवाह तिच्यातूनच निघून जातो, बेसच्या वाट्याला काही येत नाही, घंटी गप्प. तार तुटली की प्रवाहाला दुसरी वाट उरत नाही. तो बेसमध्ये शिरतो आणि घंटी वाजते.

वर्गात त्याने हे समजावलं तेव्हा पोरं गोंधळली. "तार तुटल्यावर चालू कसं होईल? तुटल्यावर तर बंद होतं!" प्रश्न चुकीचा नव्हता. घरातला दिवा, पंखा, सगळं तार तुटली की बंदच पडतं. बीएडला आम्हाला एक सूत्र घोकायला लावलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. प्रत्येक पाठाच्या टाचणात ते लिहायचं आणि प्रत्यक्ष तासाला विसरायचं, अशी पद्धत. या पोराने बीएड केलेलं नाही. तो म्हणाला, "अरे, लूम कशी थांबते?"

मालेगावच्या वर्गात एवढं पुरतं. साध्या यंत्रमागावर बाण्याच्या धाग्यापाशी एक लहानसा काटा असतो. धोटा इकडून तिकडे गेला आणि धागा जागेवर असला की तो धागा काट्याला ढकलून बाजूला करतो, लूम चालत राहते. कांडी संपली किंवा धागा तुटला की काट्याला ढकलायला कुणी नसतं. मग तो एका आकड्यात अडकतो, हँडल ओढलं जातं आणि लूम थांबते. म्हणजे धाग्याचं असणं ही खबर नाही, त्याचं नसणं ही खबर. ज्यांचे बाप-भाऊ दिवसाचे बारा-बारा तास त्या काट्याशेजारी उभे राहतात, त्या पोरांना ट्रान्झिस्टरचा बेस एका वाक्यात कळला. मला तर त्या दिवशी दोन्ही कळले. लूम बघत मोठा झालो, पण तो काटा नक्की काय करतो हे कधी विचारलं नव्हतं.

तारेची गंमत वेगळीच. पिशवीच्या शिवणीतून ओवायची तर तार बारीक हवी आणि झटक्यात तुटायलाही हवी. वायरच्या दुकानातली साधी वायर तुटत नाही, ओढली की पिशवीच फाटते. आमच्या गावात मोटर रिवाइंडिंगची दुकानं गल्लोगल्ली. तिथून त्याने ३६ नंबरची तांब्याची तार आणली, जाडी ०.२ मिलिमीटरच्याही किंचित आत. ही तार अर्धा-पाऊण किलोच्या ओढीने तुटते. पिशवी उचलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पण घरी जोडली तर घंटी लगेच बोंबलायला लागली. तार शाबूत, जोडणी बरोबर, तरी बोंब. दोन दिवस तो डोकं धरून बसला. शेवटी रिवाइंडिंगवाल्या चाचांनी तार नखाने चाचपली आणि हसले. या तारेवर वार्निश असतं. दिसते उघडी, पण असते झाकलेली. टोकं ब्लेडने खरवडल्याशिवाय तिच्यातून काही जात नाही. मोटरचं वाइंडिंग करणाऱ्याला हे श्वास घेण्याइतकं माहीत, आणि विज्ञानाच्या पुस्तकात कुठेच नाही.

टोकं खरवडली आणि घंटी गप्प झाली. पिशवी ओढली, वाजली. वर्गाने टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा उठला, तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून एकमेकांना पिळली, आणि घंटी बंद. वर्ग खो खो हसला. मुलगा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो मला विचारायला आला, "सर, 'लॅच'ला मराठीत काय म्हणतात?"

दाराच्या संदर्भात कडी किंवा खिटी. पण त्याला हवं होतं ते असं, की एकदा लागलेली घंटी नंतर तार जोडली तरी लागलेलीच राहावी. मी म्हणालो, "कडी लागणे म्हण. घंटीला कडी लागली पाहिजे." हा शब्द त्याला पटला आणि आता तो सगळीकडे तोच वापरतो. तांत्रिक शब्दांचं आमच्या मुलांचं त्रांगडंच आहे. उर्दूच्या पुस्तकात रेझिस्टन्सला मुजाहमत म्हणतात, मराठीत रोध, दुकानदार फक्त रेझिस्टर म्हणतो. सेमीकंडक्टर उर्दूत नीम मूसिल, मराठीत अर्धवाहक. तिन्ही शब्द आलेल्या मुलाला मी हुशार म्हणेन. पण परीक्षेत त्याला एकाचेच गुण मिळतात.

कडीसाठी त्याने ट्रान्झिस्टर काढून एससीआर घातला, बीटी १६९ नावाचा. दिसायला अगदी ट्रान्झिस्टरसारखाच, तीन पायांचा. फरक स्वभावात. ट्रान्झिस्टरला प्रवाहाचा इशारा सतत लागतो, एससीआरला एकदाच. गेटवर एकदा इशारा मिळाला की तो चालू होतो, आणि इशारा काढून घेतला तरी चालूच राहतो. बंद करायचा तर बॅटरीच तोडावी लागते. त्यासाठी एक बटण ठेवायचं, पण ते पिशवीच्या आत, कपड्यांखाली. म्हणजे चोराच्या हाताला लागणार नाही.

इथे परत घोटाळा. तार तोडली की घंटी 'टीं' करायची आणि तार पुन्हा जोडली की गप्प. कडी लागतच नव्हती. याचं कारण मला फार आवडलं. एससीआर चालू राहायला त्याच्यातून किमान काही प्रवाह सतत वाहत राहावा लागतो. बीटी १६९ ला दोन-पाच मिलिअँपिअर. बझर मात्र सतत प्रवाह घेत नाही. आतल्या आत तो सेकंदाला हजारो वेळा घेतो आणि सोडतो, त्यातूनच तर आवाज निघतो. त्या सोडण्याच्या क्षणी एससीआरला वाटतं, काम संपलं. तो बंद होतो. उपाय सोपा. बझरला समांतर एक एलईडी आणि ४७० ओमचा रेझिस्टर लावायचा. बझर श्वास घेत असला तरी एलईडीतून दहा-बारा मिलिअँपिअर अखंड वाहत राहतात आणि कडी सुटत नाही. प्रदर्शनांमध्ये मुलं शोभेला लाल दिवे लावतात, म्हणून मी या एलईडीकडे आधी दुर्लक्षच केलं होतं. इथे तोच सगळं धरून बसलेला.

गेटला प्रवाह देणारा रेझिस्टर त्याने २२ किलोओमचा ठेवला. हा हिशेब त्याने वहीत केला होता. बीटी १६९ ला गेटवर जास्तीत जास्त २०० मायक्रोअँपिअर लागतात, २२ किलोओममधून त्याच्या दीडपटीहून अधिक मिळतात, म्हणजे बॅटरी थोडी उतरली तरी भीती नाही. आणि घंटी नुसती पहाऱ्यावर असताना बॅटरीतून जातात ०.४ मिलिअँपिअर. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत ४०० मिलिअँपिअर-तास धरले तर जवळपास हजार तास, चाळीस दिवस. त्याला तर एक रात्र हवी होती. सगळा खर्च शंभराच्या आत.

इथवर सगळं छान. मग त्याचे वडील शाळेत आले.

ते दारातच उभे राहिले, मी दोनदा म्हटल्यावर बसले. घंटी चांगली आहे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सर, डिब्बे में बॅटरी है, तार है, लाल बत्ती है। हम मालेगाव के। दाढी है मेरी। लोग क्या समझेंगे?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मुलाने डबा काळ्या टेपने गुंडाळला होता, छान दिसावा म्हणून. आता मीही तो त्यांच्या नजरेने पाहिला.

मालेगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. मेलेले आमचे आणि पकडले गेलेलेही आमचेच. नऊ मुस्लीम तरुणांवर आरोप ठेवले गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. नऊंपैकी एक ते ऐकायला हयात नव्हता. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण 'तार' आणि 'बॅटरी' हे शब्द एकत्र आले की घरातली मोठी माणसं कशी गप्प होतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. आणि हे फक्त आमच्या गावचं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या आयर्विंगमध्ये अहमद मोहम्मद नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने घरी जुळवलेलं घड्याळ शाळेत नेलं. शिक्षिकेला शंका आली, पोलीस आले, हातकड्या पडल्या. पुढे गुन्हा दाखल झाला नाही, ओबामांनी त्याला घड्याळ घेऊन व्हाइट हाउसला यायचं निमंत्रण दिलं. लोकांना ते निमंत्रण आठवतं. मला आठवतो तो फोटो, अंगात नासाचा टी-शर्ट आणि हात मागे बांधलेले.

वडिलांना घंटी नको असं नव्हतं. फाईल दुसऱ्यांदा जाणं त्यांना परवडणारच नव्हतं. त्यांना माझ्याकडून एक चिठ्ठी हवी होती, मराठीत, डब्यात ठेवायला. कुणी विचारलं तर दाखवता येईल अशी. "आप मराठी के सर हैं। आपकी मराठी अच्छी है," ते म्हणाले.

वीस वर्षांत मी खूप अर्ज लिहून दिलेत. रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, वीजबिलाच्या तक्रारीचे. उर्दू वस्तीतला मराठीचा शिक्षक म्हणजे निम्मा अर्जनवीस. पण ही चिठ्ठी लिहायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली.

त्यांची इच्छा होती की पहिलंच वाक्य असं असावं, ही धोकादायक वस्तू नाही. मी ते लिहिलं नाही. भाषेचा हा साधा अनुभव आहे, 'नाही' वाचायच्या आधी माणूस 'धोकादायक' वाचतो. आपण नाकारायला म्हणून जो शब्द आणतो तो मुक्कामालाच येतो. मग ठरवलं, फक्त आहे ते लिहायचं. वस्तू काय करते, आत काय आहे, बंद कशी करायची. 'उपकरण' लिहिलं, खोडलं. उपकरण म्हटलं की सरकारी पंचनाम्याचा वास येतो. 'यंत्र' नको, 'सर्किट' तर नकोच. 'घंटी' ठेवलं. घंटीला कोण भिणार? शेवटी मजकूर असा झाला:

'ही पिशवीची घंटी आहे. पिशवी कोणी ओढली की वाजते. आत नऊ व्होल्टची एक बॅटरी, एक बझर आणि एक लाल दिवा आहे. बंद करण्याचे बटण पिशवीच्या आत डाव्या बाजूला आहे. नववीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आईचे दवाखान्याचे कागद जपण्यासाठी ती बनवली आहे.'

खाली माझं नाव, हुद्दा, मोबाइल नंबर. मग गावाचं नाव आलं. वडील म्हणाले, "सर, सिर्फ जिल्हा नाशिक लिखिए ना।" मी पेन थांबवला. त्यांचं म्हणणं मला कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. त्यांच्यावर नाही. पण गाडीत मी बसणार नव्हतो, ते बसणार होते. शेवटी मी त्यांना एवढंच सांगितलं की आधार कार्डावर मालेगाव आहे, केसपेपरवर मालेगाव आहे. चिठ्ठीत नसलं तर उलट विचारतील, का नाही? ते हो म्हणाले. मी मालेगाव, जि. नाशिक असं लिहिलं, जरा ठळकच.

शाळेचा शिक्का मारावा असंही एका सहकाऱ्याने सुचवलं. मला ते नको होतं. शिक्का मारला की चिठ्ठीचा परवाना होतो, आणि आपल्या पिशवीला घंटी बांधायला परवाना कशाला लागावा?

काळ्या टेपचा प्रश्न आईने सोडवला. खजूर मिळतात तसला पारदर्शक प्लास्टिकचा डबा तिने रिकामा करून दिला. आरपार दिसलं पाहिजे, एवढंच म्हणाली. मुलगा थोडा हिरमुसला, त्याचं सोल्डरिंग काही फार देखणं नव्हतं आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं. नाशिकच्या विज्ञान प्रदर्शनात मी मुलांच्या रोबोटच्या गाड्या पाहिल्या आहेत, काळ्या, चकचकीत, बंद डब्यांतल्या. बंद डबा ही किती मोठी चैन आहे, हे त्या मुलांच्या आई-बापांच्या लक्षातही येत नसेल.

ते मुंबईला जाऊन आले. घंटी एकदाच वाजली. नाशिक रोडला गर्दी आत घुसली, कुणाचा तरी पाय पिशवीत अडकला, तार तुटली. पाय सुटला, पिशवी जागेवर, पण घंटीला कडी लागलेली. अर्धा डबा जागा झाला. एक पोलीसही आला.

यापुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. वडील सांगतात, ते उभे राहिले, हात जोडले, खिशातून चिठ्ठी काढताना हात इतका थरथरला की घडी उघडेना. मुलगा सांगतो, त्याने पिशवीत हात घालून बटण बंद केलं, डबा वर धरला, पोलिसाने टॉर्च मारला आणि विचारलं, "एससीआर वापरलाय का?" त्याने आयटीआयला असलं काही केलं होतं म्हणे. मग म्हणाला, पिशवी वाटेतून आत सरका, आणि पुढे गेला. चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. शेजारच्या एका मावशींनी मात्र मागून घेतली, मोठ्याने वाचली आणि मुलाला म्हणाल्या, "मलाही एक करून दे रे, माझ्या दोन पाट्या गेल्यात मागच्या महिन्यात."

फाईल सुखरूप परत आली. चिठ्ठी वडिलांच्या पाकिटात आहे, घड्यांवर फाटत चाललेली.

मुलाचं काम अजून चालू आहे. वाजल्यावर दर वेळी नवी तार ओवावी लागते हे त्याला पसंत नाही. म्हणून आता त्याने इयरफोनची पिन आणि सॉकेट लावलंय, पिन उपटली की वाजते, परत खोचली की तयार. नऊ व्होल्टची बॅटरी महाग पडते म्हणून तीन पेन्सिल सेल घातलेत. व्होल्टेज निम्मं झालं, तेव्हा २२ च्या जागी १० किलोओम आणि एलईडीच्या ४७० च्या जागी १५० ओम. मावशींसाठीचा नगही त्याच पद्धतीने तयार होतोय. त्यांच्या दिराचा फोन नंबर त्याने वहीत लिहून घेतला होता.

परवा मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दाराशी आला. म्हणाला, "सर, चिठ्ठीत नऊ व्होल्टची एक बॅटरी लिहिलंय. ते आता खोटं झालं. बदलून द्याल?"

नवीन कागदावर मी 'तीन पेन्सिल सेल' लिहिलं. बाकी मजकूर तसाच ठेवला.